उन्हात मोबाइलची स्क्रीन वाचता येत नाही: फोन बदलावा की बसण्याची पद्धत?

मैदानी_गुणलेखक

नमस्कार.

मी मुंबईतील शालेय आणि क्लब पातळीवरील क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन करतो. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्क येथे माझे बहुतेक सामने असतात. पूर्वी फक्त स्कोअरबुक भरावे लागे. आता संयोजकांना ॲपमध्येही प्रत्येक चेंडूची नोंद त्याच क्षणी झालेली हवी असते, कारण पालक आणि प्रशिक्षक घरी बसून धावफलक पाहत असतात. प्रत्येक षटक संपले की पुस्तक आणि ॲप यांचा ताळमेळ लागला पाहिजे. अडचण अशी आहे की सकाळी ११ नंतर स्क्रीनवर काय लिहिले आहे, हेच मला नीट दिसत नाही.

उत्तर देणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून परिस्थिती सविस्तर सांगतो. काही मैदानांवर गुणलेखकाच्या टेबलावर पांढऱ्या कापडाचा छोटा मांडव असतो, तर काही ठिकाणी तेवढाही आडोसा नसतो आणि टेबल उघड्यावरच मांडलेले असते. फोन टेबलावर सपाट ठेवलेला असतो, कारण एका हाताने पुस्तकात लिहायचे आणि दुसऱ्या हाताने ॲपवर बोट ठेवायचे असते. फोनचा डिस्प्ले एलसीडी असून माहितीपत्रकात त्याची प्रखरता ५०० निट्स (उजळता मोजण्याचे एकक) दिली आहे. ब्राइटनेसची पट्टी मी पूर्ण टोकापर्यंत नेलेली असते आणि ऑटो ब्राइटनेस बंद असतो, कारण ढग आला-गेला की स्क्रीन स्वतःहून कमीजास्त होते आणि लक्ष विचलित होते. ॲपची पार्श्वभूमी काळी ठेवली आहे. वर स्टेशनबाहेरच्या दुकानात लावून घेतलेली टफन ग्लास आहे. दुपारी पॉवर बँक जोडली की फोन तापतो आणि स्क्रीन आणखी मंद होते, हा त्यात भर घालणारा प्रकार आहे.

बाय आणि लेगबायची बटणे शेजारीशेजारी आहेत. आपण कोणते दाबले, हे खात्रीने दिसत नसेल, तर एका मुलाच्या नावावरच्या नोंदीशी आपण खेळत आहोत, असे मला वाटते, आणि म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी सोयीपुरता नाही. दुकानदार मला १,००० किंवा २,००० निट्सचा फोन घ्या, असे सांगत आहेत. या आकड्यांवर कितपत विसंबावे? चकाकी घालवणारे मॅट स्क्रीन गार्ड उपयोगी पडते का? खर्च करण्याआधी करून पाहण्यासारखे काही आहे का?

---

प्रकाशविज्ञान_शिक्षक

नवा फोन घेण्याआधी एक करा. पुढच्या सामन्यात आपल्या नेहमीच्या जागी बसा, फोन नेहमीच्या जागी ठेवा, स्क्रीन बंद करा आणि त्या काळ्या काचेत काय दिसते ते पाहा. जे दिसेल तेच आपले शत्रू आहे. मांडवाचे कापड, आकाश, आपला शर्ट, टोपीची कड, यांपैकी जे काही तेथे उजळ दिसेल, ते स्क्रीन चालू असतानाही तेथेच असते आणि ॲपच्या अक्षरांवर पसरलेले असते.

आता हे किती मोठे असते, ते हिशेबाने पाहू. हवेतून काचेवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश काचेच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. कार्यालयात ३०० ते ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड असतो, तेथे हे ४ टक्के कोणाच्या लक्षातही येत नाहीत. भर दुपारच्या थेट उन्हात मात्र सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. आपण उघड्यावर सूर्याकडे तोंड करून बसला आहात आणि ऊन तिरपे येत असल्यामुळे छातीवर त्याच्या निम्मे, म्हणजे ५०,००० लक्स पडत आहेत, असे धरा. पांढरा शर्ट त्यातील सुमारे ८० टक्के प्रकाश सर्व दिशांना परत फेकतो. सर्व दिशांना पसरलेल्या या ४०,००० ला ३.१४ ने (पायने) भागले, की शर्टाची उजळता १२,७०० निट्सच्या आसपास भरते. ५०० निट्सच्या फोनसमोर १२,७०० निट्सचा शर्ट! त्याचे ४ टक्के काचेतून आपल्या डोळ्यांकडे येतात, म्हणजे सुमारे ५१० निट्स.

हे ५१० निट्स स्क्रीनच्या पांढऱ्या भागातही मिसळतात आणि काळ्या भागातही. पांढरा भाग ५०० अधिक ५१०, काळा भाग शून्य अधिक ५१०. दोन्हींचे गुणोत्तर झाले जेमतेम २ : १. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष वापरले जातात, त्यांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट असावा, अशी अपेक्षा असते. त्या मोजमापाशी ताडून पाहिले तर आपली तक्रार किती रास्त आहे, हे कळते.

आता याच हिशेबात दोन बदल करून पाहा. पहिला बदल म्हणजे दुकानदाराचे ऐकून १,००० निट्सचा फोन घेतला. गुणोत्तर झाले सुमारे ३ : १. प्रत्यक्षात २,००० निट्स देणारा फोन घेतला तर ते ५ : १ च्या जवळ पोहोचते. दुसरा बदल म्हणजे फोन तोच, जुना, ५०० निट्सचा, पण शर्टाच्या जागी गडद निळे किंवा काळे कापड, जे जेमतेम ५ टक्के प्रकाश परत फेकते. त्याचे प्रतिबिंब ३२ निट्सच्या आसपास येते आणि गुणोत्तर १६ : १ च्या पुढे जाते. आतल्या थरांतून होणारे परावर्तन मी येथे धरलेले नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी येतील, पण दोन उपायांमधील तफावत तशीच राहील. माझे स्पष्ट मत असे आहे की आपण प्रथम काचेसमोर काय आहे ते बदलावे आणि त्यानंतरच फोनचा विचार करावा.

फोन टेबलावर सपाट ठेवणे ही माझ्या दृष्टीने आपल्या मांडणीतील सर्वांत मोठी अडचण आहे. आपण खुर्चीवर बसून सपाट फोनकडे तिरपे पाहता, तेव्हा काचेत आपला शर्ट दिसत नाही. समोरच्या बाजूचे, मैदानाच्या वरचे आकाश दिसते. शिवाय नजर जितकी तिरपी, तितके परावर्तन वाढते. ४५ अंशांवर ते साधारण ५ टक्के असते, तर ६० अंशांवर ९ टक्क्यांच्या घरात जाते. त्याच वेळी तिरप्या नजरेला एलसीडीचा स्वतःचा उजेडही कमी मिळतो. म्हणून फोन छोट्या स्टँडवर असा उभा करा की काच थेट आपल्या चेहऱ्याकडे पाहील. मग तिच्यात आपला चेहरा आणि छाती एवढेच दिसेल, आणि छातीवर काय असावे, हे आपल्या हातात आहे.

सूर्य कोणत्या बाजूला असावा, याचेही उत्तर यातूनच निघते. सूर्य पाठीशी असेल, तर आपली छाती सावलीत राहते आणि फोन जवळ धरल्यास तोही आपल्याच सावलीत येतो. ही सर्वांत चांगली स्थिती. मात्र खांद्यावरून ऊन थेट काचेवर येत असेल, तर घाम आणि बोटांचे तेलकट ठसे त्रास देऊ लागतात, कारण ते प्रकाश विखुरतात. पडलेल्या उन्हाचा अवघा १ टक्का जरी असा सर्व दिशांना विखुरला, तरी ३०० निट्सहून अधिक उजळ पडदा अक्षरांवर पसरतो. सुती कापडाने काच दर काही षटकांनी पुसणे हा उपाय किरकोळ वाटेल, पण उन्हात त्याचा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

---

लॅमिंग्टन_दुरुस्ती

सरांनी प्रकाशाचा हिशेब मांडला आहे. मी ग्रँट रोड भागात मोबाइल दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे फोनच्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट टफन ग्लासची. बाजारात ज्या काचा स्वस्तात मिळतात, त्यांतील अनेकींना फक्त कडेने गोंद असतो आणि मधल्या भागात काच व स्क्रीन यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो. अशा वेळी प्रकाशाला एकाऐवजी तीन पृष्ठभाग भेटतात: गार्डची वरची बाजू, गार्डची खालची बाजू आणि फोनची मूळ काच. प्रत्येक ठिकाणी ४ टक्के धरले, तर ४ चे सुमारे १२ टक्के झाले. सरांच्या हिशेबातील २ : १ हे गुणोत्तर त्यामुळे १.३ : १ पर्यंत खाली येते. आपल्या काचेखाली तिरप्या उजेडात इंद्रधनुषी वलये दिसत असतील, किंवा मध्यभागी धुळीचे कण अडकलेले असतील, तर ती काच अशाच प्रकारची समजावी. पूर्ण पृष्ठभागाला गोंद असलेली काच मागून घ्यावी; दुकानात तिला फुल ग्लू म्हणतात. चिकटलेल्या काचेखाली हवा उरत नाही आणि मधली दोन परावर्तने जवळजवळ नाहीशी होतात. शेजाऱ्याला स्क्रीन दिसू नये म्हणून लावले जाणारे प्रायव्हसी गार्ड मैदानावरच्या कामासाठी मुळीच घेऊ नये, कारण ते समोरून पाहतानाही बराच उजेड अडवते. मॅट गार्डही मी उन्हासाठी सुचवत नाही. ते प्रतिबिंब पुसट करते हे खरे, पण पडलेले ऊन संपूर्ण स्क्रीनभर विखुरते आणि सगळी स्क्रीन राखाडी दिसू लागते.

दुसरी गोष्ट ऑटो ब्राइटनेसची. तो आपण बंद ठेवला आहे, आणि अनेक फोनमध्ये नेमके हेच नुकसानकारक ठरते. हाताने पट्टी टोकाला नेली, की फोन आपल्या सर्वोच्च क्षमतेवर आला, असा समज आहे. पण बऱ्याच फोनमध्ये, विशेषतः ओलेड (ज्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, अशा) स्क्रीनच्या, उन्हासाठी राखलेली वाढीव पातळी ऑटो ब्राइटनेस चालू असेल आणि सेन्सरला तीव्र प्रकाश दिसला, तरच खुली होते. काही कंपन्यांनी एक्स्ट्रा ब्राइटनेस अशी वेगळी कळ दिली आहे, ती सेटिंगमध्ये शोधून पाहावी. आयफोनमध्ये ऑटो ब्राइटनेसची कळ डिस्प्लेच्या पानावर सापडत नाही. ती ॲक्सेसिबिलिटीमध्ये असते. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तोही उजेड कापतो. हे सेन्सर बहुधा स्क्रीनच्या वरच्या कडेला असतात, आणि गार्डची काळी किनार थोडी सरकून लावली गेली असेल, तर ती सेन्सर झाकते. मग फोन स्वतःला अंधारात समजतो. ऑटो ब्राइटनेस चालू करून वरच्या कडेवर बोट ठेवा आणि काढा. स्क्रीनच्या उजेडात काहीच फरक पडला नाही, तर गार्ड तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि आपल्या प्रश्नातील हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोन तापला की तो स्वतःच्या रक्षणासाठी स्क्रीन मंद करतो आणि त्या वेळी कोणतीही सेटिंग त्याला थांबवू शकत नाही. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे सांगते. मुंबईत मार्च ते मे या काळात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये हवेचे तापमानच त्या मर्यादेला टेकते, आणि उन्हात पडलेल्या काळ्या फोनचे तापमान हवेच्या कितीतरी वर जाते. त्यात पॉवर बँक लावली की चार्जिंगची उष्णता मिळते आणि पूर्ण उजेडाची उष्णता वेगळी. म्हणून फोन घरून पूर्ण चार्ज करून आणावा आणि उपाहाराच्या सुट्टीत सावलीत ठेवून पुन्हा चार्ज करावा. खेळ चालू असताना वायर लावणे शक्यतो टाळावे. जाड कव्हर त्या दिवसापुरते काढून ठेवावे. थंड पेयांच्या बर्फाच्या पेटीत फोन ठेवण्याची पद्धत मी मैदानांवर पाहिली आहे, ती कृपया कोणी अवलंबू नये. आपल्या दमट हवेत गार झालेल्या फोनच्या आत पाणी धरते आणि असे फोन नंतर आमच्याकडे बंद अवस्थेत येतात.

निट्सच्या आकड्यांविषयी एवढेच सांगतो की जाहिरातीत जो सर्वांत मोठा आकडा असतो, तो ओलेड स्क्रीनवर बहुधा छोटासा भाग पांढरा असताना आणि थोड्याच वेळासाठी मिळतो. संपूर्ण पांढरी स्क्रीन दिवसभर तेवढी उजळ राहत नाही. पूर्ण स्क्रीनवर उन्हात किती निट्स मिळतात, हा आकडा वेगळा विचारावा.

---

नेत्रतपासणी_दादर

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करते. दोन मुद्द्यांची भर घालते.

काळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरे ही रचना अंधाऱ्या खोलीत सुखद वाटते, पण उन्हात ती उलट वागते. मोठा काळा भाग हा आरशासारखाच असतो. त्यात आकाश आणि कपडे स्पष्ट दिसतात आणि नजर अक्षरांऐवजी त्या प्रतिबिंबावर स्थिरावू पाहते. ॲपमध्ये फिकट पार्श्वभूमीवर काळी अक्षरे निवडा आणि अक्षरांचा आकार व जाडी वाढवा. फिकट करड्या अक्षरांच्या सूचना उन्हात सर्वांत आधी नाहीशा होतात.

दुसरा मुद्दा गॉगलचा. आपण मैदानावर गॉगल वापरत असाल, तर तो पोलराइज्ड (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारा) आहे का, ते पाहा. फोनच्या स्क्रीनवरून येणारा प्रकाश सामान्यतः ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा असतो. गॉगल आणि स्क्रीन यांच्या दिशा जुळल्या नाहीत, तर स्क्रीन काळपट दिसते किंवा पूर्ण काळी पडते. फोन उभ्याचा आडवा करून पाहा. उजेड लगेच बदलला, तर कारण सापडले. काही फोनमध्ये हा त्रास टाळणारा थर असतो, सर्वांमध्ये नसतो. साधा रंगीत गॉगल स्क्रीन आणि परिसर दोन्ही सारखेच मंद करतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट बदलत नाही, परंतु डोळ्यांवरचा ताण कमी होतो.

आपले वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर एकदा मोतीबिंदूची तपासणी करून घ्या, ही माझी मनापासून विनंती आहे. डोळ्याचे भिंग थोडेसे गढूळ होऊ लागले की प्रखर उजेड डोळ्यातच विखुरतो, आणि माणूस घरात व्यवस्थित वाचतो, पण उन्हात त्याला कॉन्ट्रास्ट मिळत नाही. अशा वेळी दोष फोनचा नसतो.

---

मैदानी_गुणलेखक

सर्वांनी इतक्या आस्थेने उत्तरे दिली, त्याबद्दल मनापासून आभार.

सांगितल्याप्रमाणे स्क्रीन बंद करून पाहिले. मांडवाखाली काचेत वरचे पांढरे कापड भरून दिसत होते आणि कडेला आकाशाची पट्टी होती. गार्डखाली इंद्रधनुषी वलये आहेत, म्हणजे तो कडेने चिकटवलेलाच आहे. तो बदलून घेणार आहे. गॉगल मी वापरत नाही. डोळ्यांची तपासणी करून घेईन.

दोन शंका उरतात. संयोजकांना गुणलेखकाने पांढरे किंवा फिकट कपडे घातलेले आवडतात, त्यामुळे गडद शर्ट घालणे दर वेळी शक्य होईलच असे नाही. दुसरी शंका पावसाळ्याची आहे. कांगा लीगचे सामने पावसाळ्यात होतात. ऊन नसते, आभाळ भरलेले असते, तरीही स्क्रीन नीट दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. याचे कारण काय असावे? आणि पुढेमागे फोन बदलायचाच झाला, तर नेमके काय पाहून घ्यावा?

---

ओव्हलची_गुणलेखिका

मी महिलांच्या आणि मुलींच्या सामन्यांचे गुणलेखन करते. कपड्यांची अट आमच्याकडेही असते. त्यावर मी काढलेला मार्ग सांगते.

टेबलावर बसल्यावर मी गळ्यात काळ्या सुती कापडाचा एप्रन बांधते. मैदानाकडून पाहणाऱ्याला टेबलामुळे तो फारसा दिसत नाही आणि उठताना क्षणात काढता येतो. चमकदार रेग्झिन किंवा सॅटिन घेऊ नये, कारण काळे असले तरी ते उजेड परत फेकते. मांडवाच्या आतल्या बाजूला, माझ्या डोक्यामागे आणि वर, एक काळी चादर सेफ्टी पिनांनी अडकवते. पांढऱ्या कापडाच्या मांडवातून ऊन झिरपते आणि संपूर्ण छत दिव्यासारखे उजळते. त्याच्याखाली सपाट ठेवलेला फोन उघड्यावरच्या फोनइतकाच वाईट दिसू शकतो. संयोजकांना सांगून मी काही ठिकाणी गडद निळ्या कापडाचे छत लावून घेतले आहे. विनंती योग्य शब्दांत आणि कारणासह केली, तर बहुतेक जण ऐकतात.

पुठ्ठ्याचे खोके कापून फोनभोवती आडोसा करण्याचा सल्लाही अनेक जण देतात. पाहण्यासाठी तो उत्तम आहे, पण बोट आत घालून बटण दाबताना हात अडखळतो आणि गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धावत सुटलेला असतो. त्यामुळे गुणलेखनासाठी तो मला व्यवहार्य वाटत नाही. तिन्ही बाजूंनी बंद खोक्यापेक्षा काळ्या फाइलचे एकच पान फोनच्या मागे उभे करून वरून किंचित पुढे झुकवले, तर आकाश अडते आणि हातही मोकळा राहतो.

मॅट गार्डबाबत मात्र दुरुस्तीवाल्या दादांशी मी पूर्ण सहमत नाही. थेट उन्हात तो वाईटच आहे, हे मान्य. परंतु झाडाखाली किंवा मांडवाच्या फटींतून उजेडाचे तुकडे पडतात, तेथे साध्या काचेवर तेच तुकडे डोळ्यांत टोचतात आणि नेमक्या आकड्यांवर येऊन बसतात. अशा जागी मॅटमुळे मला काम सुसह्य होते. ज्यांचे सामने बहुतांशी सावलीत होतात, त्यांनी तो आजमावून पाहायला हरकत नाही.

---

प्रकाशविज्ञान_शिक्षक

मॅटविषयीचा मुद्दा योग्य आहे. प्रतिबिंब एकाच ठिकाणी तीव्र असेल आणि बाकी परिसर अंधुक असेल, तर ते पसरवून टाकणे फायद्याचे ठरते. काचेवर चहूकडून उजेड येत असेल, तर पसरवण्याने नुकसान होते. जागा पाहून ठरवावे.

पावसाळ्याविषयी: ऊन नसले तरी आकाश असतेच, आणि पातळ ढगांनी भरलेले पांढरे आकाश स्वच्छ निळ्या आकाशापेक्षा अधिक उजळ असते. सूर्य जवळपास नसलेला निळ्या आकाशाचा तुकडा काही हजार निट्सचा असतो, तर सूर्यप्रकाश झिरपणारा पांढरा ढग त्याहून बराच पुढे जातो. उन्हाच्या दिवशी आपण सूर्याकडे पाठ फिरवू शकतो. ढगाळ दिवशी संपूर्ण आभाळच प्रकाशाचा स्रोत झालेले असते आणि पाठ कोणाकडे फिरवावी, हा प्रश्नच उरत नाही. ८,००० निट्सचे आकाश सपाट ठेवलेल्या फोनमध्ये ४५ अंशांवर ४०० निट्सचे प्रतिबिंब देते. म्हणून पावसाळ्यात वरून काळे छत आणि उभा केलेला फोन या दोन गोष्टींचे महत्त्व उन्हाळ्यापेक्षाही वाढते. काळे ढग दाटून आले की मात्र स्क्रीन चांगली दिसू लागते, हे आपण पाहिलेच असेल.

फोन घ्यायचाच झाला, तर माझ्या मते प्रखरतेच्या आकड्याआधी काचेचे परावर्तन पाहावे. मोठे निट्स काही वर्षांपूर्वीच आले आहेत. २०२२ च्या आयफोन १४ प्रोमध्ये उन्हात २,००० निट्सपर्यंतची पातळी दिली होती, आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रामध्ये २,६०० निट्सपर्यंतची. परंतु त्या दुसऱ्या फोनमधील मला अधिक मोलाची वाटणारी सुधारणा म्हणजे कॉर्निंगची गोरिला आर्मर ही काच. साध्या काचेच्या तुलनेत परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी होते, असे कॉर्निंगने तिच्याविषयी सांगितले आहे. वरच्याच हिशेबात ४ टक्क्यांच्या जागी १ टक्का घालून पाहा: पांढरा शर्ट तसाच ठेवून १,००० निट्सच्या स्क्रीनचे गुणोत्तर ३ : १ वरून ९ : १ च्या जवळ जाते. तोच परिणाम केवळ उजेड वाढवून मिळवायचा, तर ४,००० निट्स लागतील, आणि तेवढी उष्णता सोसत मुंबईच्या दुपारी कोणताही फोन तग धरणार नाही. अशा काचेवर साधी टफन ग्लास चिकटवली, तर ४ टक्के परावर्तन पुन्हा हजर होते, हे मात्र लक्षात ठेवावे.

हे महाग फोन आहेत आणि गुणलेखनाच्या मानधनात ते बसत नाहीत, याची मला जाणीव आहे. मध्यम किमतीत निवडताना ओलेड घ्यावा की एलसीडी, असा प्रश्न येईल. ओलेडच्या आतील धातूचे थर प्रकाश परत फेकतात, म्हणून त्यावर सामान्यतः वर्तुळाकार पोलरायझर नावाचा थर लावलेला असतो. तो बाहेरून आलेला प्रकाश आतच अडकवतो, पण स्क्रीनचा स्वतःचा निम्म्याहून अधिक उजेडही खातो. तरीही उन्हासाठी राखलेली वाढीव पातळी बहुधा ओलेड फोनमध्येच चांगली मिळते, म्हणून माझा कल तिकडे राहील. दुकानातील दिव्यांखाली पाहून ठरवू नये. दुकानदाराला विनंती करून फोन दाराबाहेर फुटपाथवर नेऊन, फिकट पार्श्वभूमीवर आकड्यांचा तक्ता उघडून पाहावा, आणि पाच मिनिटे तसाच चालू ठेवून पुन्हा पाहावा. तापल्यावर तो किती मंद होतो, हे तेव्हाच कळेल.

---

लॅमिंग्टन_दुरुस्ती

मॅटबद्दल ताईंचे म्हणणे मान्य आहे. सावलीतल्या कामाचा विचार मी केला नव्हता.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे, म्हणून एक भर घालतो. काचेवर थेंब पडला की टच स्क्रीनला तो बोटासारखा वाटू शकतो, आणि बटणे आपोआप दाबली जातात. षटक चालू नसेल, तेव्हा स्क्रीन बंद ठेवावी, आणि पुसायला कोरडा नॅपकिन टेबलाखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. पारदर्शक पिशवीत फोन घालून वापरणे मी सुचवणार नाही, कारण पिशवीचे दोन पृष्ठभाग आणि मधली हवा मिळून परावर्तन पुन्हा तिप्पट करतात. फुल ग्लू काच लावून घेताना दुकानात जुनी काच काढल्यावर मूळ काच पुसून, वलये राहिली नाहीत ना, हे दुकानाबाहेरच्या उजेडात येऊन पाहा आणि सेन्सरची कडा मोकळी असल्याची खात्री करूनच पैसे द्या.